पहिलं दळण

हुरड्याचे दिवस आले की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं तापतं. पौषातली थंडी, बांधावर पेटवलेली आगटी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली गुळभेंडीची कणसं, तळहातावर चोळून फुंकर मारली की उरणारे हिरवेगार गरम दाणे, आणि सोबत शेंगांची चटणी. हे सगळं मला जगातल्या कुठल्याही पक्वान्नापेक्षा प्यारं आहे. तरी दरवर्षी पुण्याहून सोलापूरला येताना गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना ज्वारी उभी दिसायला लागली की आतून काहीतरी उसळून वर येतं. हिचा स्वभावच तसा, असं घरचे म्हणतात. असेल. पण माझ्या रागाला कारण आहे, आणि यंदा तर ते पुन्हा ताटात वाढून आलं.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अजून सोलापुरातच असतो. त्याची नात ओवी सात वर्षांची. मला ती शकूआजी म्हणते. गेल्या वर्षी तिचं पोट सारखं बिघडायला लागलं, वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला आणि सांगितलं की हिला गहू चालत नाही. गव्हातल्या ग्लुटेननं हिची आतडी आतून सोलवटतात. आता जन्मभर पोळी, रवा, मैदा, पाव, बिस्किट बंद. आजाराला एक इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात मात्र त्याला 'शकूचं दुखणं' म्हणतात, कारण ते आधी मला झालं होतं. पन्नास वर्षं होऊन गेली त्याला, आणि तेव्हा दुखणं आहे हेच कुणी मानायला तयार नव्हतं.

तर यंदा दादानं सगळ्यांना शहराबाहेरच्या एका शेतावर हुरड्याला नेलं. हल्ली अशी शेतं फार झालीत. झोपाळा, बैलगाडी, फेटे बांधलेले वाढपी. दारातच पाटी होती: 'अस्सल गावरान ग्लुटेन-फ्री ज्वारीची भाकरी'. ज्या भाकरीला आमच्या लहानपणी पाहुण्यांसमोर झाकून ठेवत, तिच्या नावानं इंग्रजी पाटी लागलेली बघून मला हसावं की रडावं कळेना. ओवीची आई मात्र हरखली. पोरीला पहिल्यांदाच बाहेर चार माणसांत बसून पोटभर जेवता येणार होतं. मी हुरड्यानंच पोट भरलं, ओवीनं मात्र दीड भाकरी खाल्ली. संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या, रात्रभर पोट धरून कण्हत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेतवाल्याला फोन लावला. तो काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ताई, अहो भाकरी थापताना चिरती, शहरातल्या लोकांना मऊ लागती, म्हनून मूठभर गव्हाचं पीठ घालतो आमी. मूठभरानं काय होतंय?"

काय होतंय! बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की ते कानावर पडलं की माझ्या हाताच्या मुठी आपोआप वळतात. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, ऑफिसात कुणाच्या बढतीचे पेढे संपून केक आला तेव्हा, माझ्या स्वतःच्या सासरी पहिल्या दिवाळीला. "एक घास घे गं, एका घासानं काय होतंय?" विचारणारा कधी उत्तरासाठी थांबत नाही, हे त्या प्रश्नाचं वैशिष्ट्य आहे. मी त्या शेतवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दादानं शेवटी माझ्या हातून फोन काढून घेतला.

मग ओवीच्या उशाशी बसले होते, तिच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवत, तेव्हा ते जुने दिवस असे चालत आले.

आमचं घर सोलापुरात, कापडाच्या मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या नि झोपणाऱ्या गल्लीत. वडील मिलमध्ये कामाला. गल्लीत निम्मे मराठी, निम्मे तेलुगू विणकर, चार घरं मुसलमानांची. रोजच्या ताटात सगळ्यांच्या ज्वारी. गहू म्हणजे सण. पुरणपोळी, होळी, पाहुणे, जावई. आणि सण झाला की दुसऱ्या दिवशी मी हमखास आजारी. आई म्हणायची, हिला नजर लागती. नवे कपडे घालून, वेणीत फूल माळून बसलेल्या पोरीला बघितलं कुणीतरी वाकड्या डोळ्यानं. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. मोहऱ्या तडतडल्या की आई समाधानानं मान डोलवायची. चार दिवस ज्वारीची भाकरी पोटात गेली की मी बरी व्हायचे, आणि श्रेय मोहऱ्यांना जायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस नव्हताच. ज्वारी बाजारातून अशी गेली की जणू ती कधी पिकतच नव्हती. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा मिलो आला. लाल, जाड, घाण वासाचा. दिसायला ज्वारीचाच भाऊबंद, पण त्याची भाकरी वाळली की पाटीसारखी कडक व्हायची. तिकडं हा डुकरांना घालतात, असं लोक म्हणायचे, आणि मग मान खाली घालून खायचे. मिलोबरोबर कधीमधी थोडा गहू मिळायचा. तो थोडा गहू कुणी खायचा, हे प्रत्येक घरात ठरलेलं असे. घरात जे लाडकं, जे अशक्त, त्यानं.

आमच्या घरात अशक्त मी होते. नऊ वर्षांची, शेंडेफळ, आईचा जीव. आई, वडील, दादा मिलो खायचे आणि माझ्या ताटात गव्हाची पोळी पडायची. वर बोटभर तूप असलं तर तेही. दादा बारा वर्षांचा होता. तो माझ्या ताटाकडं बघायचा नि आई त्याच्याकडं डोळे वटारायची. मला रोज सण झाला.

आणि रोज सणाचा दुसरा दिवसही झाला. दोन महिन्यांत माझे हातपाय काड्या झाले आणि पोट नगाऱ्यासारखं पुढं आलं. केस हातात यायचे. दिवसातून सहा-सात वेळा परसाकडं धावायचे आणि परत येताना भिंत धरून यायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "अशक्तपणा आहे. भाकरी जड पडते हिला. हलकं द्या, पाव द्या, दुधात बिस्किट द्या, रव्याची खीर द्या." हे सांगायला ते मोठी डिग्री शिकले होते! आईनं ते वेदवाक्य मानलं. पाव आणला, बिस्किटं आणली. तेवढ्यानं भागेना तेव्हा तिनं वाटीभर गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, गाळून त्याचं सत्त्व काढलं, आणि ते शिजवून गूळ घालून मला चमच्यानं भरवलं. घरात कुणालाच पोटभर मिळत नव्हतं त्या दिवसांत. ती स्वतः मिलोची चतकोर भाकरी पाण्याबरोबर गिळायची आणि माझ्या तोंडाशी सत्त्वाचा चमचा धरायची. मी जितकी वाळत गेले तितका गहू वाढत गेला.

मला आजही कळत नाही, त्यात कुणाचं काय चुकलं म्हणायचं. पण राग यायचा तो येतोच. एवढी मोठी माणसं, एवढे सल्ले, आणि एकालाही त्या पोरीला विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुला काय हवंय? मला माहीत होतं मला काय हवंय. मला दादाच्या ताटातला मिलो हवा होता.

शाळेत त्या वर्षी सुकडी वाटत. गव्हाचं भाजलेलं पीठ नि गूळ. पोरं त्यासाठी शाळेत यायची. मी हात पुढं केला नाही तेव्हा बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं. "लोक उन्हात खडी फोडून पोट भरतायत, आणि तू अन्नाला नाही म्हणतेस? माज आलाय?" सुकडीची मूठ माझ्या तळहातावर ठेवली आणि संपेपर्यंत बसायचं नाही असं फर्मान सुटलं. मी खाल्ली. मग तिथंच, फळ्याखाली, ओकले. ते पुसायलाही मलाच लावलं. पोरं हसली. हसणाऱ्यांचा मला राग नाही, पोरं हसणारच. बाई दिसल्या कधी तर अजूनही मला त्यांना विचारायचंय, माज आलेल्या पोरीच्या हाडांवर मांस का नव्हतं, ते तुम्हाला दिसलं नाही का?

एका दुपारी मी दादाची भाकरी चोरली. फडताळातल्या टोपलीत त्याच्यासाठी ठेवलेली मिलोची अर्धी भाकरी घेऊन, न्हाणीच्या आडोशाला बसून, मीठ लावून खात होते. आईनं बघितलं. तिनं आधी भाकरी हिसकावली आणि मग माझ्या गालावर अशी मारली की कानात बराच वेळ भोंगा वाजत राहिला.

"आमी हे गिळतोय ते कुणासाठी गं?" ती ओरडली. "तुला गहू मिळावा म्हनूनच की! आन् तू हे खातीस व्हय, डुकराचं?"

मग तीच रडायला लागली, मला पोटाशी धरून. मी म्हटलं, "आई, पोळी खाल्ली की पोटात आग होती." ती म्हणाली, "अशक्तपनानं होती बाळा, खाल्लीस की जाईल."

गल्लीच्या तोंडाशी इरण्णाची पिठाची गिरणी होती. इरण्णा मैंदर्गीचा. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचा आणि पुन्हा मराठीत यायचा. भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळ्यांवर कायम पीठ. शाळा त्यानं फारशी बघितली नसावी. पण गल्लीतल्या कुठल्या घरात कधी काय दळलं, ते त्याला तोंडपाठ. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाकडं बाळंतीण आहे, कुणाच्या घरात चूल पेटली नाही, हे त्याला डब्यांवरून कळायचं. आमचं दळण न्यायला मी आणि दादा जायचो. तो बोलत नसे विशेष, पण मला बघून "बा यव्वा", म्हणजे ये बाळा, म्हणायचा आणि डब्याला हात लावायचा.

एक दिवस आई स्वतः गव्हाचा डबा घेऊन गेली, मला काखेला मारून, कारण मला चालवत नव्हतं. इरण्णानं डबा घेतला, वर ओतायला उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला.

"वैनी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोला की."

"तुमचं मिलोचं दळन असलं की ही पोर भावाबरूबर उड्या मारत येती. गव्हाचं दळन नेलं की फुडचे आठ दिवस भाऊ एकटाच येतोय. मधी महिनाभर रेशनला गहूच नव्हता, तवा ही डबा डोक्यावर घिऊन आली, हसत हुती. मी लई दिस बघतोय. वैनी, ह्या पोरीला गहू सोसत न्हाय."

आईला रागच आला. "गव्हानं कुनी आजारी पडतं व्हय? काय बोलताय इरण्णा?"

"मला काय कळतंय डाक्टरी? पन महिनाभर गहू बंद करून बघा की. नुसता मिलो द्या. हा डबा हितं ठेवून जावा माझ्याकडं. बरं न्हाय वाटलं तर मी फुकट दळून घरी आनून देतो."

आई तिथून सरळ डॉक्टरांकडं गेली. मी तिच्या खांद्यावर. डॉक्टर हसले. त्यांचा कंपाउंडरही हसला. "अख्खा पंजाब गव्हावर जगतो, बाई. आता औषधपाणी पीठ दळणाऱ्याला विचारून करणार का?" ते हसू मला अजून ऐकू येतं. मोठ्या देशांतल्या पुस्तकांत हा आजार तेव्हाही छापलेला होता, हे मला पुढं कळलं. आमच्या गल्लीत मात्र तो फक्त इरण्णाला वाचता आला, तोही रिकाम्या-भरल्या डब्यांत.

आई त्या हसण्यानं दुखावली असावी. गरिबाला हसलेलं फार लागतं. घरी येताना तिनं वाटेत गिरणीपाशी पाय थांबवले आणि म्हणाली, "ठेवा तो डबा." त्या दिवशी, गहू असतानाही, तिनं मला पहिल्यांदा मिलोची भाकरी वाढली आणि ताटासमोर बसून मी खाताना बघत राहिली. मी अख्खी खाल्ली. आणखी मागितली.

महिन्याभरानं मी डबा घेऊन गिरणीत गेले, माझ्या पायांनी. इरण्णानं मला बघून पट्टा थांबवला. गिरणी एकदम शांत झाली, रांगेतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. "हौदु!" तो म्हणाला. "हौदु, हौदु!" म्हणजे बरोबर, बरोबर. पापण्यांवरचं पीठ त्यानं मनगटानं पुसलं.

पण गोष्ट तिथं संपली नाही. गहू घरातून गेला तरी अधूनमधून माझं पोट दुखायचंच. आई घाबरली. इरण्णा दोन दिवस विचार करत राहिला, मग स्वतः घरी आला. "वैनी, चूक माझ्या गिरणीची हाय. मागच्याचं पीठ जात्यात ऱ्हातंय. कुनी गहू दळून गेलं की त्यातली मूठभर तुमच्या डब्यात येती." हे गिरणीत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. म्हणून तर बाजरीच्या मागं गहू घालायला कुणी तयार नसतं, म्हणून तर रांगेत भांडणं. पण त्या मुठीनं कुणाचं पोट जाळलं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून इरण्णानं नवा नेम केला. सकाळी गिरणी उघडली की जात्याची पाळ खोलायची, ब्रशनं झाडायचं, ओंजळभर मिलो घालून दळायचा, ते पीठ चिमण्यांना टाकायचं, आणि मग पहिलं दळण आमचं. रोज. कुणीही आधी येऊन बसलेलं असो.

रांगेत भडका उडाला. "का, हिचं काय सोनं दळायचंय?" "आमी पाटेपासनं बसलोय!" एक बाई म्हणाली, "गहू सोसत न्हाय म्हनं! थेरं एकेकाची. हितं मिलो खाऊन मरायची पाळी, आन् ह्यांना गव्हाचा तिटकारा. एका मुठीनं काय होतंय?"

त्यावर इरण्णाच्या आधी नरसम्मा बोलली. नरसम्मा आमच्या शेजारच्या घरातली विणकरीण, नवऱ्याबरोबर मागावर बसणारी. मराठी तिचं तोडकंमोडकं, पण आवाज मागापेक्षा मोठा. "ए बाई, आमी सुताला मैद्याचं खळ लावतो ना? काय चिकटतंय! हात धुवून जात न्हाय. ते पोरीच्या पोटात चिकटलं तर? तुझ्या पोटात चिकटत न्हाय, तुझं नशीब. गप बस!"

बायका हसल्या. ती बाईही हसली असावी. मला हे आठवतं, की डॉक्टरांच्या हसण्यासारखं ते हसणं नव्हतं. आणि नरसम्माचा तो दाखला, पुढं एवढी पुस्तकं वाचूनही, मला कुठल्याच पुस्तकात याहून नीट सांगितलेला सापडला नाही.

मग गल्लीनं आपापसात काही ठरवलं असं नाही. बैठक नाही, बोलणं नाही. पण हळूहळू सकाळच्या रांगेत मिलोचेच डबे दिसायला लागले. गव्हाचा डबा घेऊन येणारी बाई आपणच म्हणायची, "माझं गहू हाय, मी दुपारी येते." नरसम्मा आमच्याकडून गहू घ्यायची आणि तिच्या वाट्याचा मिलो नि वर ओंजळभर तांदूळ आईच्या पदरात टाकायची. पलीकडच्या मुसलमान घरातल्या खालांनी त्यांच्या माहेराहून लपवून आणलेली पायलीभर जुनी ज्वारी निम्मी आम्हाला दिली. "बच्ची के वास्ते है, तुम नक्को बोलो," म्हणाल्या. आईनं हात जोडले तर रागावल्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात खायला नव्हतं त्या बायकांनी मला जगवलं. आणि ज्यांच्याकडं पुस्तकं, खुर्ची, डिग्री होती, त्यांनी मला माज आलाय म्हटलं. मग मला राग येऊ नये तर काय यावं?

पुढच्या वर्षी पाऊस झाला. हस्तही पडला. आणि पौषात मैंदर्गीच्या बाजूला इरण्णाच्या भावाच्या शेतात शाळू दाण्यात आला, तेव्हा इरण्णा आम्हाला एसटीनं हुरड्याला घेऊन गेला. दोन वर्षांनी ज्वारी बघत होतो. मी बांधावरून धावत गेले आणि कणसांना नुसती हात लावत फिरले. इरण्णाची भावजय मला बघून हसत होती. "तिन्नु, तिन्नु," म्हणत होती. खा, खा.

आगटीभोवती सगळे बसलो. कणसं भाजून निघाली की मोठी माणसं चोळायची आणि लहानांना द्यायची, असा रिवाज. आईनं माझ्यासाठी चोळायला दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. निखाऱ्यातून काढलेलं कणीस लगेच हातात घ्यायची, निववायचीसुद्धा नाही, आणि चोळायची, फुंकायची, माझ्या ओंजळीत ओतायची. मग दुसरं. वडील म्हणाले, "अगं, हात भाजतील." तिनं ऐकलं नाही. मी खात होते आणि वर बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं धूर.

"माझ्या हातानं घातलं गं तुला," ती म्हणाली. "रोज. तूप लावून."

मी नऊ-दहा वर्षांची. मी ओंजळ पुढं केली. तिनं त्यात आणखी दाणे ओतले. तळहात लाल झाले होते, दुसऱ्या दिवशी फोड आले.

त्यानंतर आईनं गहू खाल्ला नाही. कधीच नाही. दादाच्या लग्नात नाही, माझ्या लग्नात नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "मला मानवत न्हाय." तिला दगड पचला असता! मी मोठी झाल्यावर तिच्याशी यावरून भांडले. "तुझी काय चूक होती? तू का शिक्षा भोगतेस? हसला तो डॉक्टर पोळ्या खातोय मजेत." ती म्हणायची, "शिक्षा कसली? सवय लागली." तीस वर्षं ती ही सवय घेऊन जगली. पुढं पुण्यात माझ्या तपासण्या झाल्या, कागदावर नाव आलं, तो कागद मी तिला आणून दाखवला. बघ, हे खरंच असतं, जगभर असतं, कुणालाच माहीत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "इरण्णाला दावलास का?" तोवर इरण्णा गेला होता.

हे सगळं ओवीच्या उशाशी बसून आठवत होते. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. भूक लागली म्हणाली. घरात ज्वारीचं पीठ होतं, पण बाजारातल्या पिशवीतलं, आणि माझा आता कुठल्याच पिशवीवर विश्वास राहिला नव्हता. मी म्हटलं, ज्वारी काढा, मी दळून आणते. ओवी म्हणाली, मीही येते. तिच्या आईनं नको म्हटलं, पण आजी आणि नात दोघी हट्टी.

जुन्या गल्लीत मी बऱ्याच वर्षांनी गेले. मिलचा भोंगा केव्हाच बंद पडलाय. नरसम्माच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण कोपऱ्यावर गिरणी होती. इरण्णाची सून, महादेवी, ती चालवते. मला ती ओळखत नव्हती, ओळखायचं कारणही नव्हतं. ती आली तेव्हा मी गल्ली सोडून गेले होते. दाराशी रंगानं लिहिलेली पाटी, अक्षरं उडालेली: 'सकाळी ज्वारी. गहू दुपारनंतर.'

मी पाटीकडं बघत उभी होते तेवढ्यात स्कूटरवरून एक बाई आली. डबा घेऊन थेट पुढं. "गहू आहे, पाहुणे आलेत घरी, पटकन घाला की."

"दुपारी या ताई," महादेवी म्हणाली.

"अहो एकच डबा आहे. एका डब्यानं काय होतंय?"

माझ्या मुठी वळल्या. तोंड उघडलंच होतं. पण महादेवी माझ्या आधी बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. रोजचं सांगणं होतं नुसतं.

"न्हाय ताई. सकाळच्याला गहू घालत न्हाय आमी. मामांचा नेम हाय. जाताना सांगून गेलेत, गल्लीत एक पोर हाय, तिला गहू सोसत न्हाय."

"कोण पोर?"

"ते म्हाईत न्हाय. पन हाय म्हनं."

बाई पुटपुटत स्कूटरवर बसून गेली. महादेवीनं जात्याची पाळ खोलली, ब्रश घेतला आणि झाडायला लागली. तेवढ्यात ओवीनं माझा पदर ओढला. डोळे एवढे मोठे करून ती कुजबुजली, "शकूआजी, यांना माझं कसं कळलं?"

मी डबा पुढं केला.